दांडा रानाचा

कोर्पिलोम्बोलोच्या दुकानात
खिळ्यांच्या डब्यांवर तीन तवे टांगलेले.
पहिला चकचकीत. तो नको म्हटलं,
उघड्या जाळावर त्याचं कातडं सोलून निघतं.
दुसरा बिडाचा, दणकट,
पण पाठीवर घेऊन दलदल तुडवायची
तर आधी मणक्याला विचारावं लागतं.
आणि तापलेला असताना ओढ्यात पडला तर
टचकन तडकतो.
तिसरा साध्या पोलादाचा. करडा, मुका.
दांड्याच्या जागी नुसतं एक वळवलेलं नळकांडं.

"आणि दांडा?"
"रान देतं," दुकानातला वाल्फ्रिद म्हणाला,
"दर खेपेला नवा."

तेवढ्यावर मी पैसे मोजले.

पहिल्या संध्याकाळी ग्रेलिंग तळला.
त्याची पाठ तव्याला राहिली,
उरलेला ताटलीत आला, ओशाळल्यासारखा.
दुसऱ्या दिवशी अंडं.
अंड्याबद्दल मी बोलणार नाही.

जुलै सरताना बंद शाळेत
बेरी वेचणारी माणसं उतरली, थायलंडहून,
डोक्याला डासांच्या जाळ्या, हातात बादल्या.
त्यांच्यातली काम्पेंग तळ्याकाठी आली,
माझ्या धुराकडे पाहत उभी राहिली,
मग तवा उचलून बोटाच्या पेरानं वाजवला.
टण्ण.
हसली.
नखानं कड खरवडून मला दाखवली:
कारखान्याचं मेण अजून तसंच होतं,
आणि मी त्यावर दोन दिवस स्वयंपाक करत होते.

तिनं राख घेतली, वाळू घेतली,
तवा घासला, कोपरापर्यंत काळी होईतो.
मग रिकामाच जाळावर ठेवला.
मी म्हणणार होते, जळेल.
पोलाद आधी सुक्या गवतासारखं पिवळं झालं,
मग जांभळट,
मग रानबदकाच्या मानेवर असतो तसला निळा
कडेकडेनं सरकत आला
आणि विझून राखाडी झाला.
तेव्हा कुठे डुकराच्या चरबीचा तुकडा काठीला टोचून
तिनं एक हात फिरवला, आणि लगेच चिंधीनं पुसलं,
लावलंच नव्हतं इतकं पुसलं.
पुन्हा धूर. पुन्हा एक हात. पुन्हा पुसणं.
चार वेळा. पाचव्यांदा मी.

आमच्यात शब्द तीनच होते:
मीठ, थांब,
आणि तिच्याकडचा एक, ज्याचा अर्थ
बहुधा 'गाढवे' असावा.
मासा टाकून मी उलथनं खुपसलं की ती म्हणायची, थांब.
मासा सुटायचा तेव्हा आपणहून सुटतो.
घाई केलीस तर रुसतो.

दांडा तिनंच कापला, ओल्या बर्चचा,
माझ्यापेक्षा हातभर आखूड,
कारण ती जाळाजवळ उकिडवी बसे
आणि मी उभ्यानं, वाकून, डोळे चोळत.

ऑगस्टभर तवा रापत गेला.
सप्टेंबरात मला अवदसा आठवली
आणि मी लिंगनबेरी त्यातच शिजवल्या.
आंबटानं सहा आठवड्यांचं काळं
एका दुपारी खाल्लं.
मधोमध बशीएवढं पोलाद पुन्हा उघडं,
नव्यासारखं बावळट.
काम्पेंग वहीत किलो मांडत बसली होती.
त्या साली बेरी कमी होती, आकडे छोटे.
तिनं मान वर केली, तव्यात पाहिलं,
तिसरा शब्द म्हटला,
वही मिटली आणि वाळू आणायला उठली.

बस गेली त्या दिवशी दवाचं बर्फ झालं होतं.
खेप संपली की दांडा जाळायचा, असा रिवाज.
मी जाळला.
त्यावर कॉफीचं पाणी जेमतेम उकळलं.

पुढच्या खेपेला बर्चची फांदी हातात धरली
आणि कोयता एक हात अलीकडे टेकवला.
आता बसते उकिडवी.
गुडघे कुरकुरतात,
पण धूर डोक्यावरून जातो.